स्वस्त काठी आणि आजोबांची गिरणी

सस्केहाना नदीतल्या स्मॉलमाउथ बासच्या नादात घेतलेला माझा पहिला महागडा कार्बनचा रॉड गाडीच्या दारात सापडून मोडला. बायकोने बजेट ठरवलं: पन्नास डॉलर! म्हटलं, स्वस्त म्हणजे हलकीच काठी मिळणार.

मग जरा इतिहास चाळला. पूर्वी उत्तम काठी म्हणजे चिनी टोंकिन बांबूच्या सहा पट्ट्या तासून चिकटवलेली. कारागिराचं काम, किंमतही तशीच. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लासच्या काठ्या आल्या. त्यात डिसेंबर 1950 मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार थांबवला, बांबू मिळेनासा झाला आणि काचेच्या धाग्यांची काठी सामान्य माणसाच्या हाती आली. 1970 च्या दशकात कार्बन आला. वजनाला कमी, मासा टोचला की लगेच कळणार, पण आपटला की संपला. 1976 मध्ये शेक्सपियर कंपनीने दोन्ही धागे एकत्र करून ‘अग्ली स्टिक’ काढली. नाव कुरूप, पण जात चिवट.

आणि रीळ? ते तर गिरणीतून आलंय, मंडळी! ब्रॅडफर्डच्या इलिंगवर्थने 1905 साली पेटंट घेतलं, कल्पना बॉबिनवरून. बॉबिन जागच्या जागी, दोरा तेवढा सुटत जातो. परळच्या गिरणीत जन्म काढलेले माझे आजोबा हे ऐकून खूश झाले असते.

असो. साडेसहा फुटी, मीडियम-लाइट, मिश्र धाग्यांची काठी घेतली. रविवारी ती लेकाच्या हातात दिली. त्याने दोनदा खडकावर आपटली. शाबूत आहे.

महागडी असती तर दिलीच नसती.