कोळशाच्या मुलखातील सायकलवाटा

बेल्जियमच्या ईशान्य कोपऱ्यात लिंबुर्ग नावाचा प्रांत आहे. आज युरोपातील सायकलस्वार या प्रांताला फार मानतात. पाइनच्या अरण्यांतून, तळ्यांच्या काठाने, शेतांच्या बांधालगत जाणाऱ्या सुमारे २,००० किलोमीटरच्या निवांत वाटा येथे एकमेकींत गुंफलेल्या आहेत. मोटारींचा आवाज कानी पडत नाही, चढउतार बेताचे आणि वाट चुकण्याची भीती जवळजवळ नाही. प्रवासवर्णने लिहिणारे या प्रदेशाला निसर्गाचे लेणे म्हणून मोकळे होतात. परंतु या अरण्याचा इतिहास पाहिला तर निसर्गाचा वाटा त्यात थोडाच दिसतो. ही झाडे, या वाटा, एवढेच काय, फाट्यांना नावांऐवजी अंक देण्याची कल्पनादेखील, कोळशाच्या खाणींच्या मागे राहिलेला वारसा होय.

या भागाला केम्पेन म्हणतात. जमीन वाळूची आणि निकस. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी येथे अरण्य नव्हतेच. जांभळ्या फुलांच्या हीदर झुडपांनी भरलेले उघडे माळरान होते. गावकरी त्यावर मेंढरे चारीत. माळाचा वरचा थर मुळांसकट खरवडून ते गोठ्यात अंथरीत आणि शेणामुताने भिजलेला तो थर पुढे शेतात खत म्हणून घालीत. माळ सर्व गावाचा असे. १८४७ साली बेल्जियमच्या सरकारने पडीक जमिनी लागवडीखाली आणण्याचा कायदा केला आणि ग्रामपंचायतींना आपले माळ विकणे किंवा त्यांवर लागवड करणे भाग पडले. ज्या कुटुंबांची मेंढरे त्या माळावर जगत होती, त्यांच्या दृष्टीने हा कायदा काय होता, हे निराळे सांगायला नको.

लागवड झाली ती पाइनची. निकस वाळूत हे झाड तग धरते, सरळ वाढते आणि त्याला गिऱ्हाईकही तयार होते. दक्षिणेकडील लिएज आणि एनो भागांतील कोळसाखाणींना बोगद्यांचे छत तोलून धरण्यासाठी लाकडी धिऱ्यांची अखंड गरज असे. पाइनच्या धिऱ्याचा एक गुण खाणकामगारांना फार मोलाचा वाटे. वरचा भार असह्य झाला की हे लाकूड एकाएकी मोडत नाही, आधी करकरते. ती करकर कानी पडली की माणसे जीव घेऊन पळत. केम्पेनच्या माळावर रांगांनी लावलेली ही झाडे म्हणजे जमिनीखालच्या अनोळखी माणसांच्या डोक्यावरचे छप्पर होते.

पुढे कोळसा खुद्द या माळाखालीच सापडला. आंद्रे ड्युमाँ या भूगर्भतज्ज्ञाच्या प्रयत्नांना ऑगस्ट १९०१ मध्ये आस या खेड्यात यश आले. पाचशे मीटरांहून अधिक खोलीवर कोळशाचा थर लागला. पहिले महायुद्ध चालू असतानाच, १९१७ मध्ये, विंटर्सलाग येथील खाणीतून कोळसा वर येऊ लागला. पुढे विंटर्सलाग, वाटरस्खाय, झ्वार्टबेर्ग, आयस्डेन, बेरिंगेन, झोल्डर आणि हाउथालेन अशा सात खाणी उभ्या राहिल्या. ऐन भरात असताना त्यांत काम करणाऱ्यांची संख्या ४० हजारांच्या आसपास गेली. स्थानिक शेतकरी पुरेनात, तेव्हा पोलंड, इटली, पुढे स्पेन, ग्रीस, तुर्कस्तान आणि मोरोक्को येथून माणसे आली. त्यांच्यासाठी खाणमालकांनी बागांनी वेढलेल्या, झाडांच्या दुतर्फा रांगा असलेल्या वसाहती बांधल्या, शाळा बांधल्या आणि भव्य चर्चही उभारले. आयस्डेनचे संत बार्बराचे चर्च इतके विशाल आहे की लोक त्याला खाणीचे कॅथीड्रल म्हणतात. संत बार्बरा ही खाणकामगारांची आश्रयदाती. १९६९ साली रोमन पंचांगाची पुनर्रचना झाली तेव्हा तिचा सण सार्वत्रिक पंचांगातून वगळला गेला. खाणकामगारांनी मात्र ४ डिसेंबर सोडला नाही. जमिनीखाली रोज मरणाशी गाठ असलेली माणसे आपल्या संतिणीला इतक्या सहज कशी निरोप देतील?

मालकांच्या या औदार्याला दुसरी बाजू होती. घर खाणीचे, म्हणून नोकरी गेली की घरही जाई. आणि नोकरी टिकली तरी फुप्फुसे टिकतीलच असे नव्हते. दगडाच्या धुळीने फुप्फुसे निबर करणाऱ्या रोगाला बेल्जियममध्ये व्यवसायजन्य आजार म्हणून मान्यता मिळण्यास १९६४ साल उजाडावे लागले. तोवर कित्येक खाणकामगार कोणत्याही भरपाईविना धापा टाकीत गेले.

१९५० नंतर परदेशी कोळसा आणि खनिज तेल स्वस्त झाले आणि खाणींना उतरती कळा लागली. झ्वार्टबेर्गची खाण बंद करण्याचा निर्णय जाहीर होताच जानेवारी १९६६ मध्ये कामगार रस्त्यावर उतरले. ३१ जानेवारीला सशस्त्र पोलिसांशी झालेल्या संघर्षात दोन खाणकामगार मृत्युमुखी पडले. खाण बंद झालीच. १९८७ पासून उरलेल्या खाणीही एकामागून एक मिटल्या आणि ३० सप्टेंबर १९९२ रोजी झोल्डर बंद झाली, तेव्हा बेल्जियमच्या कोळशाचा इतिहास संपला. मागे उरले ते दगडमातीचे काळे डोंगर, ओस पडलेले लोहमार्ग, कालवे आणि आता कोणाच्याच डोक्यावर छप्पर न धरणारे पाइनचे अरण्य.

अशा वेळी ह्यूगो बोलेन नावाच्या खाण-अभियंत्याने सायकलवाटांचा विचार मांडला. तोवरची रीत अशी होती की एखादी ठरावीक फेरी आखायची, तिला नाव द्यायचे आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्या नावाच्या पाट्या लावायच्या. फेरी ४० किलोमीटरची असेल तर ४० किलोमीटर गेलेच पाहिजे. लहान मूल सोबत आहे, आजोबा दमले आहेत, आभाळ भरून आले आहे, असल्या कारणांना तेथे जागा नव्हती. बोलेन यांनी फेरी बाजूला ठेवली आणि फाट्याकडे लक्ष दिले. जेथे दोन वाटा मिळतात त्या प्रत्येक ठिकाणाला एक अंक द्यायचा आणि तेथून पुढच्या फाट्यांचे अंक बाणांसह दाखवायचे. सायकलस्वार निघताना चार-सहा अंक कागदावर टिपून घेतो आणि एकेक गाठत जातो. थकवा आला तर मधल्याच एखाद्या अंकावरून घरी वळतो. डच भाषेत अशा फाट्याला जो शब्द आहे, त्याचा अर्थ गाठीचा बिंदू असा होतो; जाळ्याच्या गाठी डोळ्यांसमोर आणल्या की सारी योजना ध्यानात येते. भूगर्भातील काळोख्या बोगद्यांच्या जाळ्याशी ज्याचा व्यवसाय निगडित होता, त्याला वाटेचा विचार नावांनी न सुचता फाट्यांनी सुचावा, याचे मला तरी नवल वाटत नाही.

पहिले जाळे १९९५ मध्ये लिंबुर्गच्या पूर्व भागात खुले झाले. त्याचे सामर्थ्य त्याच्या काटकसरीत होते. नवे रस्ते फारसे बांधावे लागले नाहीत. जे पडून होते तेच जोडले गेले. अरण्यातील लाकूड वाहण्याच्या वाटा होत्या, शेतीचे रस्ते होते, कालव्यांच्या काठाने नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी केलेल्या जुन्या पायवाटा होत्या. कोळसा नेणाऱ्या लोहमार्गाच्या काही पट्ट्यांवरही आता सायकली धावतात. रुळांची वाट मुळातच सपाट असते, कारण जड वाघिणींना चढ सोसत नाही. तोच गुण आज सायकलस्वाराच्या पायांना सुखावतो. ही पद्धत पुढे उरलेल्या फ्लँडर्सने, नेदरलँड्सने आणि जर्मनीच्या काही भागांनी उचलली. पायी चालणाऱ्यांसाठीही तशीच जाळी विणली गेली.

या साऱ्याने लिंबुर्गचे दुःख मिटले असे कोणी समजू नये. खाणींच्या जागी आधार वाटलेला गेंक येथील फोर्डचा मोटार कारखानाही डिसेंबर २०१४ मध्ये बंद झाला. उपाहारगृहे आणि सायकली भाड्याने देणारी दुकाने हजारो खाणकामगारांच्या पगारांची जागा घेऊ शकत नाहीत. पर्यटनाची भलावण करणारे हे सोयीस्करपणे विसरतात. मात्र खाणी गेल्यावर जो प्रांत केवळ काळ्या ढिगाऱ्यांसाठी ओळखला गेला असता, त्याने स्वतःच्या भूमीकडे पुन्हा पाहिले, एवढे श्रेय त्याला द्यावेच लागेल. २००६ मध्ये खुले झालेले होखे केम्पेन हे फ्लँडर्समधील पहिले राष्ट्रीय उद्यान आयस्डेनच्या खाणीच्या शेजारीच आहे.

अलीकडे या जाळ्यात काही नवलाईच्या वाटांची भर पडली. २०१६ मध्ये बोकराइक येथे तळ्याच्या मधून २१२ मीटरांची वाट काढण्यात आली. दोन्ही बाजूंचे पाणी सायकलस्वाराच्या डोळ्यांच्या पातळीवर येते आणि हंस हाताच्या अंतरावरून पोहत जातात. २०२१ मध्ये हीदरच्या माळावरून सुमारे ३०० मीटर लांबीचा लाकडी पूल झाला. पण इतिहासाच्या वाचकाने थांबावे ते हेख्टेल-एक्सेल येथील पाइनवेनच्या अरण्यात. विसाव्या शतकाच्या आरंभी खाणींना धिरे पुरवण्यासाठीच सरकारने उघड्या माळावर हे अरण्य लावले होते. २०१९ मध्ये तेथे वर्तुळाकार चढत जाणारी ७०० मीटरांची वाट खुली झाली. ती हळूहळू जमिनीपासून १० मीटर उंच, झाडांच्या शेंड्यांपर्यंत नेते. तिला तोलून धरणारे ४४९ पोलादी खांब पाइनच्या सरळ खोडांसारखे दिसावेत अशा बेताने उभे केले आहेत. येथे झाडे धिरे होऊन जमिनीखाली जात होती. आता झाडांच्या रूपातले धिरे माणसांना सायकलींसकट शेंड्यांपाशी उचलून धरतात आणि खाली, पाइनच्या सुयांनी झाकलेल्या वाळूत, पहिल्या लागवडीच्या सरळ रांगा अजून ओळखू येतात.