नाक कावसजीचे, हात कुंभाराचा

नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणे लावताना अंगावरून काळसर वळ्या निघतात. आमच्या लहानपणी आई त्या वळ्या दाखवून म्हणायची, ‘पाहिलास, केवढा मळ साचवलास!’ पुढे मास्तरकी करू लागल्यावर मला कळले की, त्या वळ्यांत धुळीबरोबर आपण स्वतःही थोडेसे असतो. कातडीच्या तळाशी नव्या पेशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात, वर येईतो मरून टणक होतात आणि झडून जातात. या प्रवासाला सुमारे महिना लागतो. घटस्थापनेला तळाशी जन्मलेली पेशी नरकचतुर्दशीला उटण्याच्या हाती लागते म्हणा ना!

शाळेच्या पुस्तकात या आवरणाला ‘अभिस्तर ऊती’ असे भारदस्त नाव आहे. मी खरा मराठीचा मास्तर आणि कादंबऱ्या लिहिणारा. पण लहान गावच्या शाळेत शास्त्राचा तासही कधी वाट्याला येतो. तेव्हा फळ्यावर चित्रे काढून मी मुलांना सांगतो की, शरीराचे अंगण आणि माजघर दोन्ही याच फरसबंदीने झाकले आहे. पेशी एकमेकींना अगदी खेटून बसतात आणि त्यांच्याखाली एक पातळ पटल असते. जागेप्रमाणे फरशी मात्र बदलते. फुप्फुसाच्या फुग्यांत ती पातळ आणि चपटी, म्हणजे हवा सहज आरपार जावी. आतड्यात ती उंच खांबांसारखी, अन्नरस शोषून घेणारी. मूत्रपिंडाच्या नलिकांत चौकोनी ठोकळ्यांची. श्वासनलिकेत तिला बारीक केस असतात आणि ते धूळ बाहेर लोटतात. घाम आणि लाळ पाझरणाऱ्या ग्रंथीही हिच्याच. आणि जिथे घासणे-खरचटणे रोजचेच, त्या कातडीवर ती थरावर थर रचून बसते.

‘आणि एक लक्षात ठेवा,’ मी म्हणालो, ‘या फरशीत रक्तवाहिनी एकही नसते.’

तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, ‘मग गुरुजी, ती जगते कशावर?’

प्रश्न मोठा नामी होता. ती खालच्यावर जगते. खालच्या थरातल्या रक्तवाहिन्यांतून जे झिरपते, त्यावर तिचा निर्वाह. खालचे रक्त तुटले की वरचे आवरण मेलेच. ही गोष्ट नीट समजावी म्हणून मी त्या दिवशी मुलांना पुण्याच्या एका कुंभाराची हकीकत सांगितली. तीच आज वाचकांपुढे ठेवतो.

1794 च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात एक पत्र छापून आले. पत्राखाली नुसती दोन आद्याक्षरे. त्यात कावसजी नावाच्या माणसाची कथा होती. नाव पारशी वाटले, तरी पत्रात त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हटले आहे; परक्या कानाने ऐकलेले नाव परक्या लेखणीने कसेबसे उतरवले असावे. टिपू सुलतानाशी झालेल्या 1792 च्या लढाईत हा इंग्रजी फौजेत बैल हाकण्याच्या कामावर होता. तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला.

नाक कापले जाणे म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. आपल्या भाषेत सारी अब्रू नाकावरच तर उभी आहे! हात गेलेला मनुष्य लोकांच्या दयेला पात्र होतो. नाक गेलेला हसण्यावारी जातो. कावसजीने असे सुमारे वर्ष काढले. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. पत्रात त्या माणसाची जात ‘विटा करणाऱ्यांची’ अशी दिली आहे. आपल्याकडे माती मळून भाजणारा तो कुंभारच, म्हणून मीही त्याला कुंभार म्हणतो.

त्याने काय केले पाहा. प्रथम मेणाचा पातळ पत्रा घेऊन उरलेल्या नाकावर शोभेलसे नाक घडवले. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि भोवती रेघ ओढली. त्या रेघेबरहुकूम कपाळाची कातडी सोडवली. पण सगळी नाही. दोन भुवयांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी त्याने जोडलेलीच राहू दिली. जुन्या नाकाच्या जखमेचा वण तासून कडा ताज्या केल्या, कातडी अर्धा पीळ देऊन खाली वळवली आणि तिच्या कडा तिथल्या चिरेत बसवल्या. वर पाण्यात कालवलेला कात फडक्याच्या पट्ट्यांना लावून पाचसहा पट्ट्या एकावर एक ठेवल्या. चार दिवस हात लावला नाही. पुढे तुपात भिजवलेली फडकी. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे. आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास भुवयांमधली ती पट्टी कापली.

ती पट्टी हेच त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर! पट्टीतून कपाळाचे रक्त नव्या नाकाला पोचत होते. इकडे जखमेच्या कडांवरच्या पेशी एकमेकींकडे सरकत सांधा बुजवत होत्या आणि खालून नव्या रक्तवाहिन्या कातडीत शिरत होत्या. नव्या जागी मूळ धरल्यावरच जुनी नाळ तोडायची. घाई केली असती तर नाक काळे पडून गळाले असते.

हे सारे केव्हा, तर भूल देण्याचे औषध निघण्यापूर्वी सुमारे अर्धे शतक. बर्लिनमध्ये हेन्लेने सूक्ष्मदर्शकातून या आवरणाचे निरनिराळे प्रकार वर्णिले, तेही 1837-38 च्या सुमारास. कुंभाराला पेशी ठाऊक नव्हती. तिची भूक ठाऊक होती.

आपल्याकडे हा विषय निघाला की सुश्रुताचे नाव घेऊन आपण मोकळे होतो. सुश्रुतसंहितेत कापलेले नाक जोडण्याची कृती आहे, हे खरेच. पण तिथे माप झाडाच्या पानाचे आणि कातडी गालाची. पुण्यात माप मेणाचे आणि कातडी कपाळाची. म्हणजे ग्रंथ आणि हा कुंभार यांच्यामध्ये कुणीतरी, कधीतरी, हातात शस्त्र धरून विचार केला आहे, चुकला आहे, सुधारला आहे. त्यांपैकी एकाचीही नोंद नाही.

लंडनच्या जोसेफ कार्प्यू नावाच्या शस्त्रवैद्याने हिंदुस्थानातली ही रीत अभ्यासली, प्रेतांवर हात बसवला, 1814 मध्ये तिने नाक बसवले आणि 1816 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. पुढे ती ‘भारतीय पद्धत’ म्हणून युरोपभर गेली. कपाळाच्या कातडीने नाक घडवण्याची रीत आजही वापरात आहे आणि ती पट्टी आजही बहुधा तीनेक आठवड्यांनीच कापतात.

आता एका गोष्टीकडे लक्ष द्या. ही क्रिया पाहणारे मुंबई इलाख्याचे दोन इंग्रज वैद्य होते. त्यांची नावे छापलेली आहेत. कावसजीचे चित्र जेम्स वेल्सने काढले, ज्याने सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांची चित्रे काढली तोच हा चित्रकार. म्हणजे पाहणाऱ्यांची नावे राहिली, चित्रकाराचे राहिले, वेडेवाकडे का होईना, रोग्याचेही राहिले. नाव गेले ते फक्त करणाऱ्याचे. आणि हा दोष एकट्या इंग्रजांना देऊन चालणार नाही. पुण्यात तेव्हा दफ्तरे लिहिणारे कारकून काय थोडे होते? कुंभाराचे नाव विचारावे असे कुणाला वाटले नाही, एवढेच.

हकीकत संपल्यावर त्याच मुलीने विचारले, ‘गुरुजी, त्या कुंभाराचं नाव काय?’

दोनशेहून अधिक वर्षे उशिरा का होईना, कुणीतरी विचारले. मला उत्तर देता आले नाही. मी फळ्यावर नुसते ‘पुण्याचा कुंभार’ असे लिहिले आणि तास संपला तरी ते पुसले नाही.

यंदा पणत्या विकत घ्याल तेव्हा घडवणाऱ्याचे नाव विचारून ठेवा.