रक्ताची साक्ष

पूर्वींचे वैद्य रोग्याची मुद्रा, नाडी व त्वचा पाहून निदान करीत. विसाव्या शतकाच्या आरंभीं रक्ताची साक्ष काढण्याची रीत पडली. ही साक्ष केव्हां केव्हां कशी फसविते, हें ल्युपस या त्वचेवर उमटणाऱ्या विकाराच्या इतिहासांत पाहण्यासारखें आहे.

या विकारांत शरीराची संरक्षक शक्ति स्वकीयांवरच शस्त्र धरते. गालांवर उठणाऱ्या त्याच्या तांबड्या चट्ट्यांना व्हिएन्नाच्या हेब्रानें १८४५ सालीं फुलपाखराची उपमा दिली. पुढें १९०६ सालीं बर्लिनमध्यें वासरमाननें उपदंशाची रक्तपरीक्षा काढली. पण ल्युपसच्या कित्येक रोग्यांतहि ती होकारार्थी येऊं लागली. कारण ती उपदंशाच्या जंतूला ओळखीतच नव्हती; एका स्निग्ध द्रव्याविरुद्ध रक्तांत उत्पन्न झालेलीं प्रतिद्रव्यें तेवढीं तिला दिसत, आणि तीं ल्युपसमध्येंहि असतात. त्यामुळें ज्यांना उपदंश कधीं शिवलाहि नव्हता, अशांच्या माथीं ही त्या काळीं लज्जास्पद मानलेली व्याधि मारली जाई. १९४९ सालीं नेल्सन व मेयर यांनीं प्रत्यक्ष जंतूवरच परीक्षा करण्याची रीत काढली, तेव्हां त्यांची सुटका होऊं लागली.

एच्. आय्. व्ही.च्या बाबतींत तोच प्रसंग पुन्हां आला. १९८३ सालीं पॅरिसमध्यें हा विषाणु सांपडला व १९८५ सालीं त्याची रक्तपरीक्षा प्रचारांत आली. ल्युपसच्या रोग्यांत हीहि क्वचित् खोटा होकार देते. उलट, एच्. आय्. व्ही.नें चाळविलेल्या रक्तांत स्वदेहाविरुद्धचीं प्रतिद्रव्यें ल्युपसवांचूनहि आढळतात. ज्वर, पुरळ, सुजलेल्या गांठी, श्वेतपेशींची घट हीं लक्षणें तर दोहोंत समान!

म्हणून एका होकारावर विसंबतां येत नाहीं. संसर्गाची खात्री निराळ्या पद्धतीच्या दुसऱ्या परीक्षेनें, जरूर तर विषाणूचें जननद्रव्य शोधून, करावी लागते. शिवाय चट्ट्याचा लहानसा तुकडा काढून, प्रतिद्रव्यें त्वचेच्या कोणत्या थरांत सांठलीं आहेत, हें चकाकणाऱ्या रंगद्रव्याच्या साह्यानें पाहावें लागतें. ल्युपसमध्यें असा पट्टा दिसतो, हें १९६३ सालीं प्रसिद्ध झालें.

इतका खटाटोप कशासाठीं? ल्युपसच्या तीव्र औषधांनीं संरक्षक शक्ति दबते, आणि एच्. आय्. व्ही.नें ती आधींच खचविलेली असते. विषाणूवरील औषधांनीं ती सांवरली, म्हणजे दबलेला ल्युपस कधीं कधीं उफाळूनहि येतो. दोन्ही रोग एकाच देहांत नांदूं शकतात. एकाचें नांव ठरलें म्हणून दुसऱ्याकडे पाठ फिरविणें घातक होय. रक्ताचें उत्तर मानण्यापूर्वीं त्याला आपण प्रश्न कोणता केला होता, हें आधीं पाहावें.