देव माउलीसारखा

देवरूखात आमच्या घरी संध्याकाळच्या प्रार्थनेला टिळकांची भजनं असतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे; जन्म 1861. रेल्वेच्या प्रवासात भेटलेल्या एका गोऱ्या गृहस्थानं त्यांना बायबलचा नवा करार दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थबकले: वैऱ्यावरही माया करणारा देव! 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा झाला. या धर्मांतरानं घर दुभंगलं, पण तुकोबा सुटले नाहीत; ख्रिस्ताला ते माउली म्हणत. देवाचा चांगुलपणा मराठी मनाला न्यायासनापेक्षा आईच्या मायेतूनच उमगतो, असं मी ठामपणे म्हणेन. 1919 साली टिळक गेले, तेव्हा ख्रिस्ताच्या जीवनावरच्या त्यांच्या ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याचे जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. पुढचे 64 त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, कधी शाळेत न गेलेल्या बाईनं, लिहिले.