सुरतची प्लेगसाथ (१९९४) व नगरस्वच्छता

गुजरातमधील सुरत शहरात सप्टेंबर १९९४ मध्ये पसरलेली न्यूमोनिक म्हणजे फुप्फुसाच्या प्लेगची साथ आणि तिच्यानंतर महापालिकेने उभारलेली सफाईची व रोगनियंत्रणाची घडी. झपाट्याने वाढणाऱ्या आशियाई शहरांच्या चर्चेत या प्रकरणाचा दाखला हमखास दिला जातो. दाखला देताना बहुधा त्याची निम्मीच बाजू सांगितली जाते.

सुरत नगरपालिका १८५२ ची, महापालिका १९६६ ची. शहराची लोकसंख्या १९८१ मध्ये ७.७७ लाख होती. १९९१ मध्ये ती सुमारे १५ लाखांवर गेली. हिऱ्यांना पैलू पाडायला सौराष्ट्रातून, यंत्रमागांवर काम करायला ओडिशातील गंजाम जिल्ह्यातून आणि खानदेशातून माणसे येत राहिली. उधना, लिंबायत या भागांत आजही मराठी सर्रास कानी पडते. नंदुरबार, जळगावकडून येणारी रेल्वे सुरतेतच उतरवते. कारखाने वाढले त्या वेगाने घरे, गटारे, नळ वाढले नाहीत. ओडिया कामगारांच्या ‘मेस’मध्ये एकाच खोलीत दिवसपाळीचे आणि रात्रपाळीचे लोक आळीपाळीने झोपत, एक उठून मागावर गेला की त्याच अंथरुणावर दुसरा आडवा होई. हिवताप आणि हत्तीरोग हे शहराचे जुनेच दुखणे होते.

सप्टेंबर १९९४ च्या सुरुवातीला तापीला पूर आला. पाणी ओसरल्यावर सखल वस्त्यांत चिखल, मेलेली जनावरे आणि कचरा उरला. तिसऱ्या आठवड्यात वेड रोड परिसरातून तीव्र ताप व रक्तमिश्रित थुंकीचे रुग्ण येऊ लागले. प्लेगचे नाव फुटताच शहर सुटले. काही दिवसांत लाखो लोक बाहेर पडले, अनेक खासगी दवाखाने बंद झाले आणि टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक दुकानांतून नाहीसे झाले. काही देशांनी भारताची विमाने थांबवली, भारतीय मालावर निर्बंध घातले. मृतांचा आकडा मात्र पन्नासच्या थोडा वर राहिला. त्याच वर्षी हिवताप आणि क्षयाने देशात किती माणसे गेली, याची बातमी कोणी पहिल्या पानावर छापली नाही.

त्याआधी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले होते. भारतात माणसांमधील प्लेगची नोंद १९६६ नंतर झालेली नव्हती, त्यामुळे निदानावरून वाद झाला. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने रोग प्लेगच असल्याचे म्हटले. तरी प्रत्येक संशयित रुग्ण प्लेगचाच होता का, हा प्रश्न उरला. सुरतेपुरता त्याला फारसा अर्थ नव्हता. रोगाचे नाव काहीही असो, तुंबलेली गटारे सर्वांसमोर होती.

मे १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त झाले. त्यांनी नवा कायदा मागितला नाही. ज्या १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमावर तेव्हा पुणे-नाशिक चालत, तोच सुरतेलाही लागू होता. अधिकार होते, वापर नव्हता. शहराचे सहा विभाग करून प्रत्येक विभागप्रमुखाला खर्चाचे व निर्णयाचे अधिकार दिले. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी सकाळी कार्यालयात न बसता वस्तीत फिरायचे आणि दुपारच्या बैठकीत आयुक्तांपुढे उभे राहायचे, असा रोजचा दंडक पडला. मोठ्या रस्त्यांची झाडलोट रात्री होऊ लागली. झाडू मारणाऱ्यांचे काम वाहतूक थांबल्यावर सोपे होते, एवढाच त्यामागचा हिशेब होता. अस्वच्छ उपाहारगृहांना दंड झाला, काहींना टाळे लागले. बेकायदा बांधकामे पाडताना वजनदार मालकांनाही सोडले नाही, आणि बहुधा यामुळेच लोकांचा विश्वास बसला. झोपडवस्त्यांत फरसबंदी, नळ व पैसे देऊन वापरायची शौचालये आली. शहरातील रुग्णालये व डॉक्टरांकडून रोज रुग्णांचे आकडे घेऊन कोणत्या भागात ताप वाढतो, यावर नजर ठेवली जाऊ लागली. ही शेवटची सवय झाडूइतकीच मोलाची, पण छायाचित्रात न येणारी.

१९९६ मध्ये ‘इंटॅक’ या संस्थेने सुरतेला चंदीगडखालोखाल देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरवले. राव पुढे बदलून गेले, पण घडी टिकली. एका अधिकाऱ्याच्या धडाडीवर चाललेल्या मोहिमा एरवी त्याच्याबरोबरच निवृत्त होतात. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा बहुतांश भाग बुडाला. त्यानंतर लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढले, मात्र १९९४ सारखी पळापळ झाली नाही. त्याच वर्षी हद्दवाढीने शहराचे क्षेत्र सुमारे ११२ चौ. किमी.वरून ३२६ चौ. किमी.पर्यंत गेले आणि शेजारच्या गावांची उघडी गटारे पालिकेच्या वाट्याला आली. २०११ मध्ये लोकसंख्या ४४.६६ लाखांवर होती. २०२३ च्या ‘स्वच्छ सर्वेक्षणा’त सुरत इंदूरसह पहिली आली.

दाखल्यातून गळणारी बाजू कामगारांच्या खोल्यांची आहे. रस्ता पालिकेचा असतो. यंत्रमागाची बारा तासांची पाळी, तिची मजुरी आणि हवा न खेळणारी मेस यांवर पालिकेचा हुकूम चालत नाही. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी सुरतेतील कामगारांबद्दल दीर्घकाळ लिहिले, ते मुख्यतः याच बाजूविषयी. एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीत लसकाणा भागातील ओडिया कामगार थकलेली मजुरी आणि गावी जाण्याची परवानगी मागत रस्त्यावर उतरले. रस्ते स्वच्छ होते. दाटीवाटीच्या खोल्यांत एकमेकांपासून अंतर राखून राहणे शक्य नव्हते.