भिंतीवरचा फोटो बोलतो तेव्हा: 'हम पाँच' आणि उपनगरातला फ्लॅट

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी संशोधन आराखड्यात एक वाक्य अगदी ठासून लिहिलं होतं: 'भारतातल्या चमत्कारी विनोदी मालिका म्हणजे अमेरिकन सिटकॉमच्या नकला आहेत.' गाइडनी त्या वाक्याखाली पेन्सिलीने एकच शब्द लिहिला. 'कशावरून?'

आज त्या एका शब्दाबद्दल लिहितेय. तुमच्यापैकी बरेच जण सध्या आराखडा लिहिताय, आणि असं एखादं वाक्य तुमच्याकडेही असणार.

आधी 'चमत्कारी सिटकॉम' म्हणजे काय ते बघू. घर साधंच असतं, माणसंही साधी, पण त्या घरात एक गोष्ट अशक्य असते. १९६४ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'बिविच्ड'मध्ये गृहिणीच चेटकीण आहे. १९६५ च्या 'आय ड्रीम ऑफ जिनी'मध्ये अंतराळवीराच्या घरी बाटलीतली जिनी राहते. १९८५ च्या 'स्मॉल वंडर'मध्ये घरातली मुलगी यंत्रमानव आहे. तुमच्या आईबाबांना ही नावं विचारा. नव्वदच्या दशकात या तिन्ही मालिका हिंदीत डब होऊन आपल्याकडे आल्या होत्या.

याच का आल्या? उत्तर लोकांच्या आवडीत शोधण्याआधी मालकी हक्कांमध्ये शोधा. पहिल्या दोन मालिका कोलंबिया पिक्चर्सच्या स्क्रीन जेम्स या टीव्ही विभागाच्या. १९८९ मध्ये सोनीने कोलंबिया विकत घेतली. १९९५ मध्ये सोनीने इथे हिंदी वाहिनी सुरू केली, तेव्हा तीस वर्षांपूर्वीचा हा माल घरातच पडून होता. डबिंग केलं की झालं. 'स्मॉल वंडर'चंही तसंच. ती मालिका फॉक्सकडे होती, आणि फॉक्सचे मालक रुपर्ट मर्डोक यांनी १९९३ मध्ये स्टारचा ताबा घेतला होता. पुढे २००३ मध्ये स्टार प्लसवर 'करिश्मा का करिश्मा' आली, ती सरळसरळ 'स्मॉल वंडर'वर बेतलेली. म्हणजे माझं वाक्य या मालिकेपुरतं खरं होतं.

ते अडलं 'हम पाँच'पाशी.

'हम पाँच' १९९५ मध्ये झी टीव्हीवर सुरू झाली. बालाजी टेलिफिल्म्सच्या अगदी सुरुवातीच्या मालिकांपैकी ही एक. अशोक सराफ म्हणजे आनंद माथुर, शोमा आनंद म्हणजे त्यांची दुसरी बायको आणि घरात पाच मुली. पहिली बायको वारलेली, पण भिंतीवरच्या फोटोतून ती नवऱ्याशी बोलते, टोमणे मारते, सल्ले देते. ती भूमिका प्रिया तेंडुलकर यांची. चमत्कार म्हणाल तर एवढाच: एक फ्रेम आणि त्यात हलणारा चेहरा.

मी आराखड्यात लिहिलं होतं की डब केलेल्या मालिकांच्या लोकप्रियतेतून ही कल्पना आली असावी. आता सनावळी मांडून बघा. सोनी वाहिनी १९९५ ची, 'हम पाँच'ही १९९५ ची. मालिका पडद्यावर येण्याआधी लेखन, पात्रनिवड, चित्रीकरण झालेलं असतं. म्हणजे डबिंगची लोकप्रियता हे कारण होऊच शकत नाही. मला मात्र ठाम आठवत होतं की आमच्या घरी आधी 'जिनी' लागायची आणि मग 'हम पाँच' आली. आठवणी गोष्टींचा क्रम सोयीने लावतात. म्हणून पहिला धडा: 'प्रभाव' हा शब्द लिहिण्याआधी दोन तारखा शेजारी शेजारी लिहा.

आता सिद्धांताकडे येऊ. लिन स्पिगल या अमेरिकन अभ्यासिकेचा १९९१ मधला एक निबंध या विषयात सगळेच वाचतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: साठच्या दशकात अंतराळयुगाचं आकर्षण आणि उपनगरी कुटुंबाचा कंटाळा एकत्र आले. या मालिकांनी नीटनेटक्या उपनगरी आयुष्यात एक विचित्र गोष्ट घुसवली आणि त्या आयुष्याचीच गंमत केली. 'बिविच्ड'मधली शेजारीण खिडकीतून डोकावते, तिला जादू दिसते, पण तिच्या नवऱ्याला ते पटत नाही. जिनीला नासाच्या डॉक्टरपासून लपवावं लागतं. विनोद सगळा लपवण्यातून येतो, आणि लपवायचं असतं ते शेजाऱ्यांपासून, साहेबापासून, बाहेरच्या जगापासून.

मी हे जसंच्या तसं उचलून मुंबईला लावायला निघाले होते. 'सबर्ब' म्हणजे उपनगर, विषय संपला! पण शब्द सारखा असला म्हणून वस्तू सारखी नसते. अमेरिकन उपनगर म्हणजे सुटं घर, पुढे हिरवळ, दोन घरांमध्ये अंतर. आपलं उपनगर म्हणजे बोरिवली, मुलुंड, घाटकोपर: लोकल, सोसायटी, वन रूम किचन नाहीतर वन बीएचके. इथे शेजारणीला खिडकीतून डोकवायची गरजच नाही. ती दार ढकलून आत येते आणि साखर मागते. 'हम पाँच'मध्येही शेजारीण घरात अशीच येते-जाते, फक्त तिला 'आंटी' म्हटलेलं चालत नाही.

मग आनंद माथुर लपवतोय कोणापासून? घरातल्याच माणसांपासून. बायको, पाच मुली, येणारेजाणारे, आणि त्याला मनातलं बोलायला एक कोपरा नाही. अख्ख्या घरात त्याचं खाजगी बोलणं होतं ते फक्त त्या फोटोशी. अमेरिकन मालिकेत चमत्कारामुळे घराला एक गुपित मिळतं. इथे चमत्कारामुळे एका माणसाला थोडा एकांत मिळतो. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण आता या एका फरकावर उभं आहे.

आणखी एक गोष्ट. त्या फ्रेममधला चेहरा प्रेक्षकांना अनोळखी नव्हता. दहा वर्षं आधी, १९८५ मध्ये, प्रिया तेंडुलकर दूरदर्शनवर 'रजनी' होत्या, अन्यायाविरुद्ध सरळ जाब विचारणारी बाई. तीच बाई आता भिंतीवर. 'नव्वदच्या दशकाने रजनीला फ्रेममध्ये बंद केलं' असं एक झकास वाक्य मी लिहिलंही होतं. गाइडनी तेही खोडलं, कारण त्याच दशकात प्रिया तेंडुलकर टॉक शोही करत होत्या. आणि मालिकेत फोटो गप्प कुठे बसतो? रजनीचा दरारा माहीत असल्यामुळेच तिचा टोमणा जास्त लागतो. अशोक सराफांचंही तसंच. 'एक डाव भुताचा' (१९८२) मध्ये ते स्वतःच भूत होते, मास्तर झालेल्या दिलीप प्रभावळकरांच्या मदतीला येणारं. 'हम पाँच'ची कल्पना तिथून आली असं मी म्हणणार नाही, त्याला पुरावा नाही. पण मेलेल्या माणसाशी चेष्टामस्करी करणं मराठी प्रेक्षकाला परकं नव्हतं, एवढं म्हणता येतं. 'यातून आलं' आणि 'हे परकं नव्हतं' या दोन विधानांत फरक आहे, आणि व्हायवामध्ये नेमकं तिथेच पकडतात.

आता थोडं घरचं. मुलुंडच्या आमच्या घरात टीव्हीच्या वर आजोबांचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. आजी सकाळी तो पुसताना त्याच्याशी बोलायची. दुधाचे भाव, कोणाचं लग्न ठरलं, गुडघा कसा दुखतोय. आम्ही नातवंडं हसायचो, 'आजीचं हम पाँच सुरू झालं' म्हणायचो. तीही हसायची. आम्हाला तो तिचा विनोद वाटायचा. सात माणसांच्या त्या दोन खोल्यांत तिला दुसरं कोण होतं, हा प्रश्न मला आत्ता, संशोधन करताना पडला. ती मालिका बघताना तिला काय वाटायचं हे विचारायला आता ती नाही.

म्हणून शेवटचं सांगते. मालिकेचे भाग शोधले तर सापडतील. जुन्या वर्तमानपत्रांतले कार्यक्रमांचे रकाने ग्रंथालयात बसून उतरवून घेता येतील. पण ती मालिका कोणी, कोणत्या खोलीत, कोणाच्या शेजारी बसून पाहिली, हे फक्त माणसांना माहीत असतं. आराखडा मंजूर व्हायची वाट बघू नका. या रविवारी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाशेजारी बसा, परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि विचारा: 'तेव्हा टीव्ही कुठे ठेवला होता?' बाकीचं ते आपोआप सांगतील.