फॉस्जिनची सुप्तावस्था : रणभूमीवरील निरीक्षण ते जनुकीय अभ्यास

१९ डिसेंबर १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र शहराजवळ जर्मन सैन्याने ब्रिटिश फळीवर क्लोरिनमध्ये मिसळलेला फॉस्जिन वायू सोडला. पहिल्या महायुद्धात विषारी वायूंनी जे मृत्यू झाले, त्यांपैकी बहुतांश मृत्यूंना पुढे हाच वायू कारणीभूत ठरला. क्लोरिनचा झोंबरा वास सैनिकाला सावध करी. फॉस्जिनचा वास मात्र ओलसर गवतासारखा सौम्य होता. थोडा खोकला, थोडी मळमळ, आणि मग काही तास बरे वाटे. असा सैनिक पुन्हा कामावर जाई आणि त्याच रात्री वा दुसऱ्या दिवशी फुप्फुसात पाणी भरून दगावे.

लष्करी डॉक्टरांनी या फसव्या अवधीला सुप्तावस्था मानले. श्रमाने मृत्यू ओढवतो हे ध्यानात येताच, धडधाकट दिसणाऱ्या रुग्णालाही स्ट्रेचरवरून नेण्याचा दंडक पडला. हे शहाणपण अनुभवातून आले होते. त्या काही तासांत फुप्फुसात काय घडते, हे कोणालाही सांगता येत नव्हते.

१८१२ मध्ये जॉन डेव्ही यांनी तयार केलेला हा वायू युद्धानंतरही कारखान्यांत राहिला. भोपाळच्या कारखान्यात मिथिल आयसोसायनेट तयार करण्यासाठी तोच वापरला जात होता. १९८४ च्या दुर्घटनेच्या वेळी मात्र एकाच वेळी हजारो जनुकांची हालचाल मोजण्याचे साधन विज्ञानाजवळ नव्हते. डीएनए मायक्रोॲरे हे तंत्र १९९५ मध्ये पुढे आले.

अमेरिकी सैन्याच्या रासायनिक संरक्षण संशोधन संस्थेतील अल्फ्रेड स्कियुटो व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे तंत्र फॉस्जिनबाधित उंदरांच्या फुप्फुसांवर वापरले गेले. वायुबाधेनंतर ठरावीक अंतराने ऊती तपासल्या असता, ग्लुटाथायोनची निर्मिती करणाऱ्या आणि पेशीतील ऑक्सिडीकरणाचा समतोल राखणाऱ्या जनुकांची क्रियाशीलता ठळकपणे बदललेली आढळली. फॉस्जिन प्रथिनांवर आघात करतो आणि पेशीचा ग्लुटाथायोनचा साठा संपवतो. तो भरून काढण्याची ही धडपड होय. येथे जनुकांची रचना बदलत नाही, त्यांचा वापर बदलतो. ‘जनुकीय प्रतिसाद’ या शब्दाने होणारा गोंधळ टाळण्यासाठी हा भेद लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. रुग्ण शांत दिसतो त्या काळात फुप्फुस शांत नसते, असा या निष्कर्षांचा रोख आहे.

या पद्धतीची मर्यादाही मोठी आहे. संपूर्ण ऊती एकत्र वाटून केलेल्या तपासणीत वायुकोशाची पेशी कोणती आणि केशवाहिनीची कोणती, हे वेगळे निघत नाही. शिवाय उंदीर म्हणजे माणूस नव्हे. फॉस्जिनवर खात्रीचा उतारा अद्याप उपलब्ध नाही. बाधित रुग्णाला आजही प्रथम झोपवून ठेवले जाते आणि गरजेप्रमाणे प्राणवायू दिला जातो.